एसीएल ऑपरेशनला 16 दिवस झाले, गुडघा परत सुजलाय. मंगळवारपर्यंत थांबू का?

डावा_गुडघा (कासारवडवली, ठाणे) शुक्रवार, रात्री 11:40

कोणी जागं असेल तर वाचा प्लीज, मला तर आज झोप येणार नाहीये.

वय 33, आयटीत आहे. मे महिन्यात टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळताना एक रन चोरायला वळलो, पाय तिथेच राहिला आणि मी पुढे गेलो. खट्ट असा आवाज आला, तो बाजूच्या नेटमधल्यांनापण ऐकू गेला म्हणे. एमआरआयमध्ये डाव्या गुडघ्याची एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारी मुख्य दोरी (लिगामेंट), पूर्ण तुटलेली निघाली. आधी फिजिओ करून सूज उतरवली, मग दुर्बिणीतून ऑपरेशन, हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी गुडघ्याखालच्या छेदातून काढून एसीएलच्या जागी बसवली. आज 16 वा दिवस.

पहिले दोन आठवडे एकदम मस्त होते. सोमवारी टाके काढले, जखम कोरडी, डॉक्टर म्हणाले छान आहे. गुडघा 80 डिग्रीपर्यंत वाकत होता, वॉकर सोडून एका काठीवर आलो होतो. बुधवारी घरी गणपती आले, आमचा पाच दिवसांचा असतो. मी काही नाचलो बिचलो नाही, खुर्चीत बसून टाळ वाजवले फक्त. पण काल सकाळपासून गुडघा जड वाटायला लागला, रात्री ठणका सुरू झाला आणि आज वाटीच दिसत नाहीये सुजेत. हात लावला तर उजव्यापेक्षा गरम लागतो. वाकवायला गेलो तर 50 च्या पुढे जीव जातो. आणि खाली जिथून ग्राफ्ट काढला त्या छेदाच्या एका टोकातून पातळ पिवळट पाणी येतंय, संध्याकाळी रुमाल धरला तर पाच रुपयाच्या नाण्याएवढा डाग पडला. ताप 99.6.

आमचे सर्जन गणपतीला गावी चिपळूणला गेलेत, मंगळवारी येणार. त्यांच्या असिस्टंटला फोटो पाठवला तर उत्तर आलं, नॉर्मल आहे, जास्त चाललात, बर्फ लावा. फॅमिली डॉक्टर संध्याकाळी दर्शनाला आले होते त्यांनी बघून अँटिबायोटिकची पाच दिवसांची स्ट्रिप लिहून दिली, ती आणलीये, समोर टेबलावर पडलीये, अजून एकही घेतली नाही. घरात दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस आधी बाप्पाला हात जोडतो मग माझा गुडघा दाबून बघतो आणि प्रत्येकाचं निदान वेगळं.

गोळी सुरू करू का? आणि मंगळवारपर्यंत थांबलं तर चालेल का?

---

कळवेकर_काका शनिवार, रात्री 12:04

घाबरू नका हो, पाणी झालंय गुडघ्यात. मला पण झालेलं 2 वर्षापूर्वी. आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावा कोमट करून आणि वरून गरम पाण्याच्या पिशवीने शेका, दोन दिवसात उतरतं. आजकाल जरा काय झालं की टेस्ट टेस्ट टेस्ट.

---

नेरूळचा_नंद्या शनिवार, रात्री 12:31

काका तुमचं वयाने ऐकतो पण इथे नाही. तुमच्या गुडघ्याच्या हाडात कोणी बोगदे पाडून दुसरीकडची दोरी घातली नव्हती. ह्याच्यात घातलीये. लेप नको, शेक तर अजिबात नको.

डावा_गुडघा भाऊ, मी ह्यातून गेलोय म्हणून लांबलचक लिहितोय, पूर्ण वाच.

माझं पण असंच होतं, 18 वा दिवस, उजवा गुडघा. मला पण वाटलं जास्त चाललो असेन कारण आदल्या दिवशी सीवूड्सला मॉलमध्ये गेलो होतो. ताप जास्त नव्हता म्हणून मी निवांत. आता मला सांग तू पेनकिलर कुठली घेतोयस? मी दिवसातून तीनदा ती कॉम्बिनेशनची गोळी घेत होतो ज्यात पॅरासिटामॉल पण असतं, मग ताप दिसणार कसा? तो गोळीखाली दबलेला होता. पहाटे साडेचारला, म्हणजे रात्रीच्या गोळीचा असर उतरल्यावर मोजला तेव्हा 101.2. तेव्हा तुझा 99.6 कितीला मोजला आणि त्याआधी गोळी कधी घेतली हे बघ.

दुसरी गोष्ट, आणि हीच मला कोणी सांगितली नव्हती. सूज सगळ्यांनाच असते ऑपरेशननंतर, महिना दोन महिने थोडीफार राहतेच. सूज आहे का हा प्रश्नच नाहीये, गुडघा पुढे चाललाय की मागे ते बघायचं. तू 80 वरून 50 वर आलायस, काठीवर आला होतास आता बहुतेक परत वॉकर काढला असशील, दुखणं कमी होत होतं ते वाढलं आणि झोपेत पण दुखतंय, वर छेदातून पाणी. हे सगळं उलट्या दिशेने चाललंय भाऊ. जास्त चालल्याने दुखलं असतं तर पाय वर घेऊन पडल्यावर रात्रीत बरं वाटलं असतं.

ती स्ट्रिप टेबलावरच राहू दे. मी ती चूक केली. तीन दिवस तोंडाने अँटिबायोटिक घेतलं, बरं वाटलं थोडं, सूज पण जरा उतरली आणि चौथ्या दिवशी दुप्पट होऊन आली. मग जेव्हा गुडघ्यातलं पाणी काढून कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या टेस्टला) दिलं तेव्हा त्यात काहीच वाढलं नाही, कारण गोळीने जंतू अर्धमेले झालेले, पण मेलेले नाहीत. शेवटपर्यंत कळलं नाही कुठला जंतू होता. मग डॉक्टरांना अंदाजाने दोन दोन तीन तीन मोठी इंजेक्शनं द्यावी लागली. माझे तीन वॉश (दुर्बिणीतून गुडघा आतून धुणं) झाले आणि ग्राफ्ट काढायला लागला. आठ महिन्यांनी परत नवीन ऑपरेशन. आणि त्या मधल्या काळात कार्टिलेज जे खराब झालं ते झालंच, पू मधली रसायनं ते खातात, ते परत उगवत नाही. आज जिना उतरताना कळतं मला.

मंगळवार फार लांब आहे. सकाळी उठून जा, आणि त्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, सर्जन नसले तरी कोणीतरी ऑर्थो ड्युटीवर असतोच. असिस्टंटला व्हॉट्सॲप नको, समोर जाऊन बस. रात्रीत थंडी वाजून ताप आला, गरगरायला लागलं तर सकाळची पण वाट बघू नको.

---

डावा_गुडघा शनिवार, रात्री 12:50

पेनकिलर दुपारी आणि रात्री 9 ला, त्यात पॅरासिटामॉल 325 आहे, आत्ता स्ट्रिप बघितली. ताप 10 ला मोजलेला. म्हणजे गंडलं की.

हो वॉकर परत काढलाय.

---

फिजिओताई (कोपरी) शनिवार, सकाळी 6:15

आत्ता पाहिलं. नंद्या यांनी बरोबर सांगितलंय. मी रोज अशा ऑपरेशनचे पेशंट बघते, त्यामुळे दोन गोष्टी फक्त.

एक म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधीर वाटणं, पोटरीवर निळंकाळं उतरणं, मांडीच्या मागे ग्राफ्ट काढला तिथे ओढल्यासारखं दुखणं, संध्याकाळी सूज वाढून सकाळी कमी होणं, हे सगळं चालतं. टाके काढल्यानंतर नव्याने पाणी येणं हे चालत नाही. तीन दिवसात 30 डिग्री गमावणं हेही नाही. असं दिसलं की आम्ही त्या दिवशी व्यायाम घेत नाही, सरळ डॉक्टरांना फोन करतो. तुमच्या फिजिओंनी शेवटचं कधी बघितलं? गणपतीची सुट्टी असेल बहुतेक.

दुसरं, पोटरी दाबल्यावर दुखते का, ती उजवीपेक्षा जाड झालीये का ते पण तिथे सांगा. पायाच्या रक्तवाहिनीत गाठ झाली तरी पाय सुजतो, तेव्हा डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून ते नाही ना हे बघतील. घरी कोणी पोटरी चोळून देत असेल तर आत्ताच थांबवा.

आणि जाताना सकाळचं काही खाऊ पिऊ नका, भुलीची वेळ आलीच तर सहा तास उपाशी असलेलं बरं. गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बसा, उशी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नको. गुडघ्याखाली ठेवली की आराम वाटतो पण गुडघा वाकडाच आखडतो.

---

जांभळं_झाकण (वाशी) शनिवार, सकाळी 6:40

लॅबमध्ये 14 वर्षं काम करतोय, म्हणून आमच्या बाजूचं सांगतो कारण इथे फार घोळ होतात.

रक्ताच्या दोन टेस्ट सांगतील, सीआरपी आणि ईएसआर, शरीरात कुठे दाह किंवा इन्फेक्शन असलं की दोन्ही वाढतात. ऑपरेशननंतर सीआरपी सगळ्यांचाच वाढतो, दोन तीन दिवसात शिखरावर जातो आणि मग साधारण दोन आठवड्यात खाली येतो. म्हणून तुमच्या 16 व्या दिवशी तो जवळपास नॉर्मलच्या आसपास हवा. ईएसआर मात्र हळू उतरतो, कित्येक आठवडे वर राहतो, त्यामुळे फक्त तो वाढलेला बघून कोणी घाबरवलं तर घाबरू नका आणि फक्त पांढऱ्या पेशी नॉर्मल बघून कोणी घरी पाठवलं तर जाऊ पण नका. इन्फेक्शन असून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आलेले कितीतरी बघितलेत.

पण खरी टेस्ट म्हणजे गुडघ्यातलं पाणी. सुईने काढतात, ते पण लाल झालेल्या कातडीतून नाही, चांगल्या जागेवरून, नाहीतर बाहेरचं आत जायचं. पाणी निरोगी असेल तर फिकट पिवळं, ट्यूबच्या मागे पेपर धरला तर अक्षरं वाचता येतात. तुमचं ऑपरेशन ताजं आहे त्यामुळे थोडं रक्त असणारच. पण गढूळ, ताकासारखं दिसलं की आम्हाला मशीनला लावायच्या आधीच कळतं. ते जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पेशी मोजायला आणि वेगळं स्टराइल डबीत किंवा ब्लड कल्चरच्या बाटलीत जायला पाहिजे. कधी कधी सगळं एकाच सिरिंजमध्ये भरून वॉर्डबॉयच्या हाती पाठवतात, दोन तास कुठेतरी पडलेलं, गुठळ्या झालेल्या, मग आम्ही काय मोजणार. नातेवाईक सोबत असेल तर त्याने विचारावं, लगेच गेलं का लॅबला?

आणि फॉर्मवर लिहून घ्या की एसीएलचा पेशंट आहे, कल्चर जास्त दिवस ठेवा. काही जंतू आळशी असतात, नेहमीच्या दोन तीन दिवसात उगवतच नाहीत, त्यांना 10-14 दिवस द्यावे लागतात.

अँटिबायोटिक पाणी काढल्यानंतर. एकच अपवाद, पेशंट आधीच गंभीर असेल, बीपी पडत असेल, शुद्ध हरपत असेल तर तिथले डॉक्टर थांबणार नाहीत आणि थांबूही नये.

---

डावा_गुडघा शनिवार, सकाळी 7:05

पहाटे 5 ला मोजला, 100.9. निघतोय. गोळी घेतली नाही. बायको गाडी चालवतेय. आई म्हणतेय आरती करून जा. बाप्पाला इथूनच नमस्कार केला.

---

माजिवडा_जंक्शन शनिवार, सकाळी 7:12

8 च्या आत माजिवडा क्रॉस करा, मेट्रोच्या कामामुळे कापूरबावडीला आत्तापासूनच लाईन लागलीये. उड्डाणपुलाखालून नका जाऊ. बाकी गुडघ्यातलं मला काही कळत नाही, लवकर बरे व्हा.

---

डावा_गुडघा शनिवार, रात्री 10:20

मी त्याची बायको टाईप करतेय, तो अर्धवट झोपेत आहे.

सकाळी ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पण आधी तेच सांगितलं की सर येईपर्यंत गोळ्या घ्या. मी इथले मेसेज उघडून ठेवलेले, म्हटलं आधी पाणी काढा मग गोळ्यांचं बोलू. ते जरा चिडले पण मग मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि लगेच म्हणाले काढा. 60 एमएल निघालं. मी समोर उभी होते, सिरिंजमध्ये पिवळट गढूळ, पेपरची अक्षरं सोडा हेडलाईन पण वाचता आली नसती. सीआरपी 112, त्यांच्या लॅबची नॉर्मल मर्यादा 5 आहे. जांभळ्या झाकणाची ट्यूब मी स्वतः डोळ्याने बघितली आणि लिफ्टपर्यंत सोडून आले.

सरांनी त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या सर्जनना बोलावलं, 4 वाजता दुर्बिणीतून वॉश केला. तीन लिटरच्या चार पिशव्या सलाईन गेलं म्हणाले. आतला सुजलेला पडदा खरवडून काढला, चार पाच ठिकाणचे तुकडे कल्चरला पाठवले. ग्राफ्ट घट्ट आहे, ठेवलाय!! म्हणाले की दोन तीन दिवसात उतार पडला नाही तर परत एकदा वॉश लागेल. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक शिरेतून सुरू केलंय.

एक विचारायचं होतं, पहिला डोस दिला तेव्हा त्याचा चेहरा मान सगळं लाल लाल झालं आणि खाज सुटली, मी घाबरले, सिस्टर म्हणाल्या ॲलर्जी. मग हे औषध बंद होणार का?

उद्या विसर्जन आहे आणि आम्ही इथे. दीर मोबाईलवर दाखवणार म्हणतोय.

---

ओटी_सिस्टर शनिवार, रात्री 11:15

वहिनी, किती मिनिटात दिला डोस? व्हँकोमायसिन जोरात सोडलं की असं होतं, ती खरी ॲलर्जी नसते बहुतेकवेळा. एक ग्रॅम किमान तासभर तरी हळूहळू जायला पाहिजे. उद्या डॉक्टरांना सांगा, स्पीड कमी करतील. श्वास लागला, ओठ सुजले तर मात्र वेगळी गोष्ट, लगेच ओरडा. आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ताची टेस्ट) मधेमधे बघतायत ना विचारा, हे औषध किडनीला जड असतं.

आणि एक, रागावणार नसाल तर. ऑपरेशनच्या आदल्या रात्री पायावरचे केस कोणी आणि कशाने काढले?

---

डावा_गुडघा रविवार, सकाळी 9:30

आता मी स्वतः. सगळ्यांना हात जोडून थँक्यू, विशेषतः नंद्याभाऊ.

डोस 20 मिनिटात दिला होता. आज पहाटेचा दीड तास चालला, काही झालं नाही.

केस मीच काढले घरी, रेझरने. फोनवर सांगितलं होतं साफ करून या. दोन ठिकाणी कापलं पण होतं, तुरटी फिरवली वरून. तेच कारण का?

---

ओटी_सिस्टर रविवार, सकाळी 10:05

तेच कारण असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, तेव्हा स्वतःला खात बसू नका आणि हॉस्पिटलशी भांडण पण आज नको. रेझरने बारीक ओरखडे पडतात, त्यात कातडीवरचे जंतू वाढतात, म्हणून आता केस काढायचेच नाहीत किंवा काढायचे तर ऑपरेशनच्या दिवशी तिथेच क्लिपरने, असंच शिकवतात. घरून साफ करून या हे सांगणं चुकीचंच.

पण सगळं नीट करूनही शंभरात एखाद्याला होतं. बहुतेक वेळा आपल्याच कातडीवरचा जंतू असतो, ग्राफ्ट काढून टेबलावर तयार करत असतात त्या वेळात त्याला चिकटतो. हॅमस्ट्रिंगच्या ग्राफ्टमध्ये हे वाटीच्या शिरेच्या ग्राफ्टपेक्षा थोडं जास्त दिसतं. त्यावर आता एक साधा उपाय निघालाय, व्हँकोमायसिनच्या पाण्यात भिजवलेल्या गॉझमध्ये ग्राफ्ट गुंडाळून ठेवतात, मग आत घालतात. ऑस्ट्रेलियातल्या सर्जननी 2012 मध्ये हे छापलं, तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी करतात आणि इन्फेक्शन खूपच कमी झालंय. आमच्याकडे पण करतो. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय ते वाचत असतील तर सर्जनना हा एक प्रश्न विचाराच, चांगले डॉक्टर रागवत नाहीत.

---

ऐरोली_सेक्टर_आठ रविवार, दुपारी 2:45

माझी केस थोडी वेगळी पण लिहितो कारण कोणालातरी उपयोग होईल. माझ्या एसीएलच्या ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात काहीच झालं नाही. अडीच महिन्यांनी नडगीवरच्या छेदाशी एक छोटी गाठ आली, फुटली, भरली, परत फुटली. ताप नाही, सीआरपी जेमतेम वाढलेला. तीन वेळा कल्चर केलं तीनदा निगेटिव्ह. पाच महिने वेगवेगळी अँटिबायोटिक खाऊन पोटाचं वाटोळं झालं. शेवटी एका इन्फेक्शनच्या स्पेशालिस्टनी विचारलं एएफबी कल्चर (टीबीच्या जातीचे जंतू शोधायचं) कधी केलंय का? कोणीच नव्हतं केलं. केलं तर टीबीच्या खानदानातला पण टीबी नसलेला जंतू निघाला, साध्या पाण्यात राहतो तो. दुर्बीण किंवा हत्यारं औषधात बुडवून नंतर नळाच्या पाण्याने धुतली की येऊ शकतो असं ते म्हणाले, पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पण आपल्याकडे असे पेशंट निघतात. नेहमीच्या अँटिबायोटिकला तो जुमानत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन आणि अजून एक, सहा महिने, शिवाय ग्राफ्ट धरून ठेवणारा आतला स्क्रू काढला.

म्हणून ज्यांची जखम उशिरा उघडते, भरते, परत उघडते त्यांनी साध्या कल्चरबरोबर एएफबी पण मागा.

---

क्लेमवाली (घणसोली) रविवार, सायं 5:20

दोन ओळी पैशाच्या. इन्शुरन्सच्या नियमात एक आजार म्हणजे शेवटच्या तपासणीपासून 45 दिवसात परत उद्भवला तर तोच आजार धरतात. त्यामुळे हा ॲडमिशन पहिल्याच क्लेमचा पुढचा भाग म्हणून जाईल, पॉलिसीत त्या आजारावर काही मर्यादा असेल तर ती उरलेलीच मिळेल. टीपीएला (इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्यांना) आजच कळवा. आणि केस पेपर, ऑपरेशन नोट, कल्चर रिपोर्ट सगळ्याची कॉपी लेखी मागा, मागितल्यापासून 72 तासात द्यायला लागते. नंतर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला तीच लागेल. डिस्चार्ज समरीच्या दोन ओळींवर कोणी काही सांगू शकत नाही.

---

डावा_गुडघा पुढचा शुक्रवार, रात्री 9:00

अपडेट. दुसरा वॉश लागला नाही. मंगळवारी सर आले, आल्या आल्या पहिलं असिस्टंटला बोलले माझ्यासमोरच, मला जरा वाईट वाटलं त्याचं, पोरगा 26-27 चा असेल.

कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आला, पाण्यात पण आणि पाचपैकी चार तुकड्यात पण. कातडीवरचाच. त्यामुळे आता नेमकं औषध ठरवता आलं, अंदाजपंचे नाही. सीआरपी 112 वरून 31. आता टायकोप्लॅनिनचं इंजेक्शन दिवसातून एकदा, म्हणून घरी सोडतायत, डे केअरला येऊन घ्यायचं, एकूण दोन आठवडे, मग चार आठवडे गोळ्या, लिव्होफ्लॉक्सासिन आणि रिफाम्पिसिन. रिफाम्पिसिन का तर जंतू ग्राफ्ट धरणाऱ्या स्क्रूवर आणि धातूच्या बटणावर चिकट थर करून बसतात, त्यात हे औषध शिरतं. पण एकटं द्यायचं नाही म्हणाले, जंतू लगेच शहाणे होतात.

मी वाचलं की लिव्होफ्लॉक्सासिनने टेंडन कमकुवत होतात, इथे तर अख्खा ग्राफ्टच टेंडनचा आहे. विचारलं सरांना. ते म्हणाले बरोबर वाचलंय, माहितीये मला, पण तुमच्या जंतूवर हेच चांगलं बसतंय, टाचेच्या मागे दुखायला लागलं तर त्याच दिवशी बंद करून फोन करायचा. आणि दूध, कॅल्शियम, अँटासिड ह्या गोळीच्या जवळपास नको.

फिजिओताई, व्यायाम कधी?

---

फिजिओताई शुक्रवार, रात्री 9:40

सर हो म्हणाले की लगेच, पडून राहिलात तर इन्फेक्शन जाईल आणि गुडघा लाकूड होऊन बसेल. सुरुवातीला फक्त गुडघा पूर्ण सरळ करणं, मांडी आवळणं, वाटी बोटांनी चारी बाजूला हलवणं, टाच घसरवत वाकवणं. 0 डिग्री पहिलं, वाकणं नंतर. वाकणं मागाहून मिळवता येतं, सरळ होणं राहिलं तर लंगडेपणा राहतो. दोन आठवडे मागे पडलात असं धरा, महिने नाही.

---

डावा_गुडघा वॉशनंतर साधारण पाच आठवड्यांनी, रविवार

ज्यांनी मेसेज करून विचारलं त्यांच्यासाठी. सीआरपी 4. ईएसआर अजून 38 आहे, जांभळं_झाकण साहेबांचं आठवून शांत बसलोय. सरांनी पाय ओढून बघितला, ग्राफ्ट घट्ट. पूर्ण सरळ होतो, 110 पर्यंत वाकतो. गोळ्या अजून एक आठवडा.

गंमत सांगायची तर रिफाम्पिसिन सुरू केल्यावर लघवी नारिंगी झाली, मला डॉक्टरांनी सांगितलेलं पण आईला सांगायचं राहिलं, तिने बाथरूममध्ये बघितलं आणि रक्त रक्त करत सगळी इमारत गोळा केली. शेजारच्या काकूंनी स्ट्रिप वाचली, हे औषध टीबीलाही देतात, त्यामुळे आता मजल्यावर बातमी आहे की मला टीबी झालाय. लिफ्टमध्ये लोक श्वास धरून उभे राहतात.

पांढऱ्या बनियनवर पण नारिंगी डाग पडलेत घामाचे, जातात का ते कशाने?

---

कळवेकर_काका रविवार, सकाळी 11:10

बरं वाटलं वाचून. लेपाचं मागे घेतो. लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा बनियन.

---

नेरूळचा_नंद्या रविवार, सकाळी 11:25

काका ह्यावेळी पण नाही. जात नाहीत ते, मी सगळं करून बघितलंय. नवीन बनियन घे आणि वहिनीला सांग तुझे कपडे वेगळे धुवायला.